श्रेय पेशींचं की सरळ झालेल्या पायाचं? एका गुडघ्याचं प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन सर्जन करतात. ऑपरेशन झालेला गुडघा मात्र पुढची दीड-दोन वर्षं माझ्याकडे येत राहतो. ही हकिगत त्या बाजूने लिहिली आहे. यात एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या: कूर्चेच्या, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाच्या, पेशी प्रयोगशाळेत वाढवून खड्ड्यात परत लावल्या, आणि किंचित वाकलेला पाय सरळ केला. पेशंट आणि सर्जन दोघांच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पेशंट क्रीडाशिक्षिका. शाळेत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही बाईच.

पार्श्वभूमी

बाई ३१ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नोकरी. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेल्या, चढाईत तरबेज. गुडघा गेला तो यात्रेतल्या एका सामन्यात. बोनस मारून परतताना मागून घोट्याला पकड बसली. पाऊल मातीत रुतलेलं, अंग मध्यरेषेकडे झेपावलेलं, आणि मधल्यामधे उजवा गुडघा पिळला गेला. ‘आत काहीतरी सरकलं,’ एवढंच त्यांना आठवतं. एक्स-रेत हाड शाबूत होतं. मग तेल, शेक, क्रेप बँडेज आणि पुढचा हंगाम.

तीन वर्षं अशीच काढल्यावर, २८ व्या वर्षी, एका शहरातल्या रुग्णालयात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीच्या हाडाच्या टोकाला, आतल्या बाजूला, कूर्चेचा तुकडा निघालेला होता. तिथे मायक्रोफ्रॅक्चर केलं, म्हणजे उघड्या पडलेल्या हाडाला टोच्याने बारीक भोकं पाडली. त्या भोकांतून मज्जेतलं रक्त वर येतं, गोठतं, आणि त्या गोठ्यातून हळूहळू भरण तयार होतं. भरण होतं हे खरं, पण ते मूळ कूर्चेसारखं नसतं. ते तंतुमय, जरा राठ असतं आणि दाब कमी सोसतं. बाईंना साधारण १४ महिने बरं वाटलं. त्या पुन्हा मुलांबरोबर धावायला लागल्या. मग एका पावसाळ्यात गुडघ्यात पाणी झालं आणि ते जाईचना.

त्या पुण्यात आल्या तेव्हा तक्रारी नेमक्या होत्या. जिना चढताना चालतं, उतरताना नाही. मैदानावर एक तास उभं राहिलं की संध्याकाळी गुडघा फुगतो. मधेच खडा अडकल्यासारखं होतं. हातात मागच्या ऑपरेशनची फाइल, आणि घरून ठरवून आणलेला एकच प्रश्न: ‘माझी गादी बदलून मिळते म्हणतात, ती मिळेल का?’

या ‘गादी’ शब्दाने आमच्या ओपीडीत रोज घोटाळा होतो. मणक्यातली चकती ती गादी, गुडघ्यातला चंद्रकोरीसारखा मेनिस्कस तीही गादी, आणि हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा तीही गादीच. बाईंचा मेनिस्कस चांगला होता, लिगामेंट चांगले होते. गेली होती ती कूर्चा, आणि तीही एकाच जागी. ही त्यातल्या त्यात बरी बातमी. संधिवाताने किंवा वयाने गुडघाभर झिजलेल्या कूर्चेला पेशी लावून उपयोग होत नाही. हा उपाय खड्डा बुजवण्याचा आहे. सगळा रस्ता उखडला असेल तर त्याचं काम नाही.

अडचण

१७४३ मध्ये विल्यम हंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. पावणेतीनशे वर्षांनीही ते फारसं खोटं ठरलेलं नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. वजनाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त पाणी, बाकी कोलाजेनची जाळी, आणि त्या जाळीत विखुरलेल्या मोजक्या पेशी. आकारमानाच्या जेमतेम काही टक्के. कातडी कापली की रक्त येतं आणि दुरुस्तीची माणसं त्या रक्तातूनच पोचतात. इथे रस्ताच नाही, तर माणसं येणार कुठून?

एमआरआयच्या अहवालात डाग, म्हणजे कूर्चा गेलेली जागा, २.८ चौरस सेंटिमीटरचा होता. सर्जन म्हणाले, आत बघितल्यावर मोठा निघेल. ते त्यांच्या रोजच्या अनुभवाचं होतं: एमआरआयवर डाग लहान दिसतो, आणि कडेची सैल कूर्चा खरवडून काढली की खरा आकार कळतो. पुढे दुर्बिणीतून मोजला तेव्हा तो २.४ बाय १.९ निघाला, म्हणजे साडेचार चौरस सेंटिमीटर. साधारण आपल्या जुन्या, जाड पाच रुपयांच्या नाण्याएवढा.

खरी अडचण मात्र डागात नव्हतीच, आणि ती कोणत्याच कागदावर नव्हती. मागच्या फाइलमध्ये सगळे एक्स-रे गुडघ्यापुरते. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून काढलेला एक्स-रे कोणी काढलाच नव्हता. आम्ही तो काढला. सर्जननी स्क्रीनवर खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली. ती गुडघ्याच्या मधून जायला हवी होती. गेली आतल्या कडेने. सहा अंशांचा बाक. दिसायला काहीच नाही, साडीत तर अजिबात नाही. पण प्रत्येक पावलाला अंगाचा भार आतल्या अर्ध्या भागावर जास्त पडत होता, म्हणजे जिथे खड्डा होता नेमका तिथेच.

बाईंचे यजमान बांधकामाची कंत्राटं घेतात. त्यांना समजावायला वेळ लागला नाही. स्क्रीनवरची रेघ बघून ते म्हणाले, ‘म्हणजे साहेब, भिंत ओळंब्यात नाही, आणि आपण गिलावा करतोय.’

सर्जन हसले नाहीत. ‘मागच्या वेळी गिलावाच झाला,’ एवढंच म्हणाले.

समोरचे पर्याय

काहीच न करता व्यायाम आणि वजन यांवर भागवणं हा पहिला पर्याय, आणि मी तो तीन महिने नेटाने राबवला. मांडीचा पुढचा स्नायू उजव्या पायात दीड इंचाने बारीक झाला होता. तो थोडा भरला, वजन तीन किलोने उतरलं, वेदना कमी झाली. पाणी होणं थांबलं नाही.

पुन्हा मायक्रोफ्रॅक्चर कोणीच सुचवलं नाही. एकदा टोचलेलं हाड जाड, टणक होतं. बाईंच्या डागाच्या तळाशी हाडाचा एक छोटा उंचवटाही आलेला होता. दुसरीकडची निरोगी कूर्चा हाडासकट नळीने काढून खड्ड्यात ठोकून बसवायची, म्हणजे मोझॅइकप्लास्टी, हा लहान डागांचा चांगला उपाय आहे. साडेचार चौरस सेंटिमीटरला ठोकळे फार लागले असते आणि ते त्याच गुडघ्यातून उचलावे लागले असते. एका खिशातलं दुसऱ्या खिशात घालायला दोन्ही खिसे आपलेच. अर्धा गुडघा बदलणं ३१ व्या वर्षी कोणाच्या मनात येत नाही.

एक पर्याय बाहेरून आला. कोणीतरी त्यांना ‘स्टेम सेलचं इंजेक्शन’ सुचवलं होतं: पोटाच्या चरबीतून पेशी काढायच्या, त्याच दिवशी गुडघ्यात टोचायच्या, ऑपरेशन नाही, दुसऱ्या दिवशी घरी. दर मोठा आणि भाषा त्याहून मोठी. इथे मला थांबून समजावावं लागलं, कारण ऐकायला दोन्ही गोष्टी सारख्याच, ‘पेशी टोचणं’. फरक असा की त्या इंजेक्शनमधल्या पेशी नेमक्या काय आहेत, किती आहेत, जागेवर टिकतात का, हे कोणी मोजत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकीचे असे वापर नोंदणीकृत चाचणीबाहेर करायचे नाहीत. आपल्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत लावण्याचा मार्ग वेगळा. त्याला औषधाप्रमाणे परवानगी लागते, आणि भारतात ती मिळालेली आहे.

मग उरले तीन: फक्त पाय सरळ करणं, म्हणजे नडगीच्या हाडाला छेद देऊन प्लेट बसवणं, फक्त पेशी लावणं, किंवा दोन्ही.

पेशींच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्ही बाजूंनी सर्जननी आकडे मांडले. ही पद्धत स्वीडनच्या गोथेनबर्गमधली. पहिलं ऑपरेशन १९८७ मध्ये झालं, पहिल्या २३ पेशंटचा अहवाल १९९४ मध्ये आला. मांडीच्या हाडावर डाग असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला. वाटीमागे डाग असलेल्या ७ पैकी फक्त दोघांना. त्यानंतर नॉर्वेत ८० जणांवर तुलना झाली, अर्ध्यांना पेशी, अर्ध्यांना मायक्रोफ्रॅक्चर, आणि दोन वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. युरोपातल्या दुसऱ्या एका चाचणीत, १४४ जण, डाग ३ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे, पेशी पडद्यावर पेरून लावलेल्या. तिथे दोन वर्षांनी वेदना आणि हालचाल यांत पेशींचा गट पुढे होता. एमआरआयवर मात्र दोन्हींचं भरण सारखंच दिसत होतं. म्हणजे लहान डागाला पेशींचा खर्च कशाला, हा प्रश्न रास्त. मोठ्या डागाला त्यांचं पारडं जड.

आणि एक आकडा थेट बाईंविरुद्ध. बोस्टनच्या एका गटाने २००९ मध्ये ३२१ पेशंटचा हिशेब मांडला. आधी काहीच न केलेल्या डागांवर पेशी लावल्या तर ८ टक्के फसले. आधी मायक्रोफ्रॅक्चरसारखं काही केलेल्या डागांवर २६ टक्के. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ मध्ये या उपचाराला मान्यता देताना अटीच घातल्या: डाग २ चौरस सेंटिमीटरहून मोठा, गुडघ्यात झीज अगदी कमी, आणि त्या कूर्चेच्या दुरुस्तीचं आधी ऑपरेशन झालेलं नसावं. तिसऱ्या अटीवर बाई तिथे नापास झाल्या असत्या.

निर्णय

इथे माझं आणि सर्जनचं मत जुळलं नाही, ते नोंदवून ठेवते. माझं म्हणणं होतं, आधी पाय सरळ करा, सहा-आठ महिने बघू. भार हलल्यावर वेदना गेली तर पेशींचा खर्च आणि दगदग वाचेल. सर्जनचं म्हणणं, बाई तरुण आहेत, उभ्याने काम करतात, उघड्या हाडावर आणखी एक वर्ष चालवलं तर समोरच्या नडगीच्या हाडाची कूर्चाही खरवडली जाईल; शिवाय दोन वेगळी ऑपरेशनं म्हणजे कुबड्यांचे दोन हंगाम. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. बाईंनी सुट्ट्यांचं कॅलेंडर काढलं आणि एकदाच काय ते करा म्हणाल्या. शाळेत दुसऱ्यांदा तीन महिन्यांची रजा मिळाली नसती. निर्णय कॅलेंडरने केला, हे मला तेव्हाही खुपलं.

संमतीच्या वेळी एक प्रश्न बाईंच्या सासऱ्यांनी विचारला. ते माळकरी. ‘यात जनावराचं काही असतं का?’ मी पंधरा वर्षांत हा प्रश्न ऐकला नव्हता आणि तो अगदी योग्य होता. असतं. पेशी वाढवायला पुष्कळ प्रयोगशाळा वासराच्या रक्तातलं सीरम वापरतात. पेशी खड्ड्यात बसवायचा फायब्रिनचा गोंद माणसाच्या रक्तद्रवातून येतो, पण काही बनावटींत तो लवकर विरघळू नये म्हणून गाईच्या फुफ्फुसातून काढलेलं एक प्रथिन घालतात. परदेशात वापरतात तो पडदा डुकराच्या कोलाजेनचा. सर्जननी लपवलं नाही. या प्रयोगशाळेत पेशंटच्याच रक्ताचं सीरम वापरायची सोय होती, म्हणून जादा रक्त काढायचं ठरलं. गोंदाचं मात्र तसं करता आलं नाही. म्हातारे बराच वेळ गप्प बसले. बाई म्हणाल्या, ‘मामा, मी खात नाहीये, लावून घेतेय.’ सासरे म्हणाले, ‘पाय तुझा आहे, पोरी.’ विषय तिथे संपला.

विमा कंपनीने आधी ‘प्रायोगिक उपचार’ म्हणून नकार दिला. परवानगीची कागदपत्रं जोडून पुन्हा अर्ज केल्यावर हाडाच्या ऑपरेशनचा भाग मंजूर झाला, पेशींचा नाही. तो घरातल्या सोन्यावर निघाला.

पेशींचा प्रवास आणि एक ताप

फेब्रुवारीत दुर्बिणीतून पहिला टप्पा. गुडघ्याच्या ज्या कोपऱ्यावर भार येत नाही तिथून निरोगी कूर्चेचे तीन तुकडे काढले. तांदळाच्या दाण्याएवढे, सगळे मिळून पाव ग्रॅमच्या आसपास. ते द्रावणात, थंड डब्यात, त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे. तिथे विकराने जाळी विरघळवून पेशी सुट्या करतात आणि ३७ अंशांवर चार ते सहा आठवडे वाढवतात. काही लाखांच्या काही कोटी होतात. बाई त्या दिवशी संध्याकाळी चालत घरी गेल्या.

ऑपरेशन मार्चअखेरीस ठरलं. तीन दिवस आधी त्यांना १०१ ताप आला, घसा लाल. शाळेत फ्लूची साथ होती.

बाहेरून बघता ही क्षुल्लक गोष्ट. आतून बघता सगळ्या योजनेची गाठ इथेच होती. पेशी एकदा भरून पाठवल्या की दोन-तीन दिवसांत लावाव्याच लागतात. आणि ताप असताना सांध्यात गोंद आणि हाडात प्लेट घालणं म्हणजे जंतूंना घर बांधून देणं. प्रयोगशाळेला फोन गेला तेव्हा डबा निघालेला नव्हता. मग प्रश्न, त्याच पेशी आणखी वाढवत ठेवायच्या का? सपाट भांड्यात जितक्या पिढ्या वाढवाव्या तितकी कूर्चेची पेशी आपला धर्म विसरत जाते; कूर्चेचं कोलाजेन बनवणं सोडून व्रणाच्या पेशीसारखी वागायला लागते. सुदैवाने प्रयोगशाळेने पहिल्याच टप्प्यावर अर्धा साठा गोठवून ठेवलेला होता. भरलेल्या पेशी टाकून दिल्या, गोठवलेल्या जागवल्या, आणि तारीख चार आठवड्यांनी पुढे, एप्रिलअखेर.

अर्धा साठा आधीच गोठवायचा की नाही, हे आम्ही कोणीच ठरवलेलं नव्हतं. ती त्या प्रयोगशाळेची पद्धत होती, म्हणून निभावलं. तेव्हापासून तारीख ठरवायच्या आधी हा प्रश्न मी विचारते.

ऑपरेशनचा दिवस

मी थिएटरमध्ये कोपऱ्यात उभी होते. आधी हाडाचं काम, पेशी अगदी शेवटी, कारण गोंद बसल्यावर त्या पायावर ठोकाठोक करता येत नाही. नडगीच्या हाडाला वरच्या भागात आतल्या बाजूने छेद दिला, पाचर हळूहळू उघडली, रेघ गुडघ्याच्या मध्यापलीकडे जराशी सरकल्यावर प्लेट बसवली. मग गुडघा उघडला. जुन्या मायक्रोफ्रॅक्चरचं भरण पिवळट, मऊ, कडेला सुटलेलं. ते खरवडून काढलं, कडा उभ्या आणि घट्ट लागेपर्यंत. तळाचा हाडाचा उंचवटा बरने, म्हणजे हाड घासायच्या फिरत्या हत्याराने, हलक्या हाताने सपाट केला. इथे कसब उलटं: मायक्रोफ्रॅक्चरला रक्त हवं असतं, इथे तळातून रक्त आलं तर ते पेशींत मिसळतं. दहा मिनिटं केवळ रक्त थांबवण्यात गेली.

पाय असा धरला की खड्डा आभाळाकडे तोंड करून आडवा राहील, भरलेल्या पणतीसारखा. पेशी आणि गोंद दोन सिरिंजमधून एकत्र येऊन खड्ड्यात उतरले. धुरकट पाण्यासारखं काहीतरी. कोणी बोलत नव्हतं. पाच मिनिटांत ते थिजलं. सर्जननी गुडघा सावकाश पाच-सहा वेळा वाकवून सरळ केला, पुन्हा आत डोकावले, आणि मगच मागे सरले.

सोन्यावर काढलेला तो थेंब चहाच्या चमच्यात सहज मावला असता.

घर, उंबरठा आणि गौरी

पहिले सहा आठवडे पाय जमिनीला फक्त टेकवायचा, भार नाही. रोज सहा तास गुडघा आपोआप हलवणारं यंत्र, आधी ४० अंशांपर्यंत, मग वाढवत ९०. कूर्चेला रक्त नसल्याने तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. हालचाल हवी पण वजन नको, असा हा नाजूक हिशेब. सासूबाईंना ते यंत्र पटेना. ‘ताई, रात्री पण पाय हलत राहायचा म्हणजे पोरीनं झोपायचं कधी?’ मी रात्रीचे तास कमी करून दुपारी वाढवले. पुस्तकात तसं नाही, पण न झोपलेला पेशंट व्यायाम करत नाही.

घराची तयारी मी फोनवर फोटो मागवून केली. जुनं घर, सहा इंचांचे उंबरठे, न्हाणीघर मागच्या अंगणात. यजमानांनी उंबरठ्यांना फळ्यांचे उतार केले, संडासात कमोडची खुर्ची बसवली, माजघरात पलंग आणला. बाराव्या आठवड्यात कुबड्या सुटल्या. जूनअखेर बाई खुर्चीवर बसून वर्ग घ्यायला लागल्या. चौथ्या महिन्यात गुडघा १२० अंश वाकत होता, सूज नाही, सगळं वेळापत्रकाच्या पुढे.

तेव्हाच गौरी आल्या. बाईंनी अंगणापासून देवघरापर्यंत गौरीची पावलं काढली, उकिडवं बसून, पुढे सरकत सरकत, अर्धा तास. दुखलं अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा.

मी फोनवर रागावले आणि मग माझंच पत्रक काढून वाचलं. त्यात लिहिलं होतं, ‘सहा महिने गुडघा खोल वाकवून भार देऊ नका.’ उकिडवं हा शब्द नव्हता. मांडी घालणं, वज्रासन, जेवायला पाटावर बसणं, यांतला एकही नव्हता. परदेशी पत्रकाचं ते मराठी होतं. आमच्या बायकांचं अर्धं आयुष्य ज्या बैठकीत जातं तिचं नावच त्यात नव्हतं. शिवाय कूर्चेला नसा नाहीत, म्हणजे नव्या भरणाला इजा होत असली तरी त्या क्षणी ते सांगत नाही, हेही मी त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं. ‘दुखलं तर थांबा’ हा आमचा नेहमीचा सल्ला इथे चुकीचाच.

एमआरआय केला. भरण जागेवर होतं, मागच्या कडेला एक बारीक फट दिसत होती. ती आधीची की त्या दिवशीची, कळायला मार्ग नाही. सहा आठवडे आम्ही दोन पायऱ्या मागे गेलो.

निष्पत्ती

दोन वर्षांनंतर बाई जिना उतरतात, दिवसभर उभ्या राहतात, सरळ रेषेत हलकं धावतात. गुडघ्याच्या प्रश्नावलीत, जिथे १०० म्हणजे काहीच तक्रार नाही, वेदनेचा गुण ४७ वरून ८६ वर आला. खेळाचा १५ वरून ५५ वर. कबड्डी खेळत नाहीत, शिट्टी घेऊन रेषेवर उभ्या राहतात. मांडी घालता येते, घालत नाहीत. एमआरआयवर खड्डा बहुतांश भरलेला, ती फट तशीच, हाडातली सूज गेलेली. यश म्हणायला हरकत नाही. अपुरं म्हणायलाही नाही.

आता केलं तर

पहिल्या ऑपरेशनआधी उभ्याचा लांब एक्स-रे काढला असता तर मायक्रोफ्रॅक्चरच्या जोडीने पाय सरळ करण्याचा विचार झाला असता. कदाचित पेशींची वेळच आली नसती. त्या सर्जनना दोष देणं सोपं आहे. पण गुडघा दुखतो म्हटल्यावर गुडघ्याचाच फोटो काढायचा ही सवय सगळीकडची आहे, आमच्याकडेही होती. आता माझ्याकडे कूर्चेचा पेशंट आला की मी एमआरआय बाजूला ठेवते आणि आधी त्याला भिंतीला पाठ लावून उभं करते.

दुसरा मुद्दा मला अजून सोडत नाही. बाईंना बरं कशाने वाटलं? नव्या पेशींनी की सरळ झालेल्या पायाने? भार बाजूला सरकवला की पेशी न लावताही पुष्कळांची वेदना कमी होते. दोन्ही एकत्र केल्याने बाईंची रजा वाचली, आणि उत्तर हरवलं. माझं ऐकून पाय आधी सरळ केला असता आणि पेशी गोठवून ठेवल्या असत्या, तर आठ महिन्यांत कळलं असतं. गोठवता येतात हे तर त्या तापाने दाखवलंच होतं. तरी सर्जन म्हणतात ते नाकारता येत नाही: त्या आठ महिन्यांत उघडं हाड समोरच्या कूर्चेवर घासत राहिलं असतं, आणि ते नुकसान कोणत्याच प्रश्नावलीत लगेच दिसलं नसतं.

उत्तर मिळवायची एक संधी आली होती. चौदाव्या महिन्यात प्लेट टोचायला लागली म्हणून काढायची होती. त्याच भुलेत दुर्बीण घालून भरण बघता आलं असतं, टोच्याने दाबून किती टणक झालंय ते कळलं असतं. पेशींनी काम केलं का, याचा प्रत्यक्ष पुरावा. सर्जननी बाईंना विचारलं.

‘बघून माझा काय फायदा?’

सर्जन क्षणभर थांबले. ‘तुमचा काही नाही. आमचा आहे.’

‘मग राहू दे साहेब,’ बाई म्हणाल्या. ‘आता बरा आहे ना, उगाच उघडू नका.’

प्लेट काढली. दुर्बीण घातली नाही.